शंका असली तर विचारा

उजव्या हाताचा अंगठा अजून दुखतोय. डॉक्टरकडे जात नाही, कारण कशाने झालं, असं तो विचारणार. "आशिया कपच्या फायनलमध्ये" म्हणालो तर या वयात हॉकी खेळतात म्हणून कौतुकाने बघेल आणि मग खरं सांगावं लागेल. खरं एवढंच, की मी वायर धरून उभा होतो.

7 सप्टेंबर 2025, रविवार. सकाळी लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला: 'आज सायं. 7.30 वा. हॉकी फायनल, भारत विरुद्ध कोरिया, मोठ्या पडद्यावर. बटाटेवड्याची सोय.' बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत मोठा पडदा निघतो तो क्रिकेटसाठी. एकदा टाकीच्या गळतीचे फोटो दाखवायला निघाला होता. हॉकीसाठी पहिल्यांदाच. लिफ्ट खाली पोचेपर्यंत मी तो कागद तीनदा वाचला. चाळीसहून जास्त वर्षं हा खेळ मी आवाज बारीक करून, सिरियलच्या ब्रेकमध्ये, घरच्यांची नजर चुकवून बघत आलोय. शेजारी बसून कुणीतरी "अरेरे" म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

सव्वासातला खाली गेलो. आदल्या रात्री गणपती गेले होते, मांडव तसाच होता. पुठ्ठ्याच्या मखरावर पांढरी चादर टाचण्यांनी ताणून बसवली होती आणि तिच्या एका कोपऱ्यातून मखराचा मोर डोकावत होता. दारात जर्सीवाले उभे होते.

त्यांचं नाव घेत नाही. पुढच्या महिन्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे आणि माझ्या बेडरूमच्या भिंतीच्या ओलीचा विषय त्यांच्या हातात आहे. बी विंग, सहावा मजला, वय चाळिशीच्या आत. अंगात निळी जर्सी, पाठीवर 16 आणि वर 'श्रीजेश', म्हणजे आपला निवृत्त झालेला गोलकीपर. तशाच आणखी तेरा जर्सी आत बसल्या होत्या. ग्रुपवर एकगठ्ठा मागवल्या होत्या म्हणे. हा ग्रुप पॅरिस ऑलिम्पिकमधल्या कांस्यपदकाच्या रात्री, म्हणजे 8 ऑगस्ट 2024 ला निघाला. त्यात मी नव्हतो. मला कुणी विचारलंच नव्हतं.

"काका, तुम्ही? हॉकीला?" देवळाच्या दारात उसळपावाची चौकशी करणाऱ्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बघतो मी."

"अरे वा! कधीपासून?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र तयार होतं. "एशियाडपासून."

"हांगझोऊ!" त्यांनी टाळीसाठी हात पुढे केला. "जपानला पाच-एक! मीही काका तेव्हाच जरा सीरियस झालो."

मी टाळी दिली. आता यात माझीच चूक. त्यांचं एशियाड 2023 चं, चीनमधलं. माझं 1982 चं, दिल्लीचं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या मुंबईत हॉकीचा विश्वचषक झाला होता. बाबांनी मला नेलं होतं. भारत पाचवा आला. बाबा म्हणाले, एशियाडला बघ. बघितलं. गिरगावातल्या आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर एकच टीव्ही, उंबऱ्यापर्यंत माणसं. समोर पाकिस्तान. पहिला गोल आपला झाला आणि अख्खी चाळ नाचली. तो शेवटचा नाच. पाकिस्तानचा चौथा गोल झाल्यावर टीव्हीवाल्या काकू कुकर लावायला उठल्या. सहाव्याला काकांनी टीव्हीवर भरतकामाचा रुमाल टाकला. सातवा आम्ही नुसता ऐकला. सात-एक. मी बारा वर्षांचा होतो. दुसऱ्या कुठल्याही पोराने दुसऱ्या दिवसापासून क्रिकेट धरलं असतं. चाळीतल्या सगळ्यांनी धरलंच. पुढच्या जूनमध्ये त्यांना वर्ल्ड कपही मिळाला. मी एकटा हॉकीला चिकटलो. का, ते विचारू नका. काही माणसं पहिल्या मुलीने नाही म्हटलं की तिच्याच गल्लीत घर भाड्याने घेतात.

आणि त्या गल्लीत काय काय बघितलं! 2000 साली सिडनी ऑलिम्पिकला पोलंडविरुद्ध एक-शून्यने पुढे. धनराज पिल्ले संघात, खडकीचा आपला धनराज. उपांत्य फेरीला दोन मिनिटं उरलेली. पोलंडने गोल केला आणि सगळं गेलं. पोलंड या देशाला मी अजून माफ केलेलं नाही, त्या देशाला याची कल्पना नाही. 2008 ला चिलीत पात्रता स्पर्धेत ग्रेट ब्रिटनकडून दोन-शून्य हरलो आणि 1928 पासून पहिल्यांदा ऑलिम्पिकला आपला हॉकी संघच गेला नाही. 2012 ला लंडनला गेला. बारा संघांत बारावा आला.

हे सगळं मी जर्सीवाल्यांना सांगणार होतो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "टोकियोची जर्मनीची मॅच तरी बघितलीत ना?"

मी प्रामाणिक माणूस. म्हणालो, "अर्धी."

ही गोष्ट मी बायकोशिवाय कुणालाही सांगितलेली नाही. 5 ऑगस्ट 2021, सकाळी सातची मॅच. जर्मनी तीन-एकने पुढे गेली आणि मी उठून टीव्ही बंद केला. याला कुणी पळपुटेपणा म्हणेल. मी अनुभव म्हणतो. तीन-एकनंतर काय होतं हे मला एशियाडपासून पाठ आहे. मी बाल्कनीत कुंडीला पाणी घालत होतो आणि समोरच्या इमारतीतून आरडाओरडा येत होता. आमची ही आतून म्हणाली, "अहो, पाच-तीन झालंय म्हणे, आपण पुढे." मी धावलो. कुंडी फुटली. शेवटी पाच-चार, श्रीजेशने सहा-सात सेकंद उरलेले असताना तो पेनल्टी कॉर्नर अडवला, मग गोलपोस्टवर चढून बसला. 41 वर्षांनी ऑलिम्पिकचं पदक. आणि ते जिंकून देणारे गोल होत असताना मी तुळशीपाशी. जर्सीवाल्यांनी मात्र ती मॅच पहिल्या मिनिटापासून बघितली होती. तीन-एकला टीव्ही बंद करायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"अर्धी!" ते हसले. तुच्छतेने हसले असते तर मला भांडता आलं असतं. हसले ते प्रेमाने, नर्सरीतल्या मुलाच्या चित्राकडे बघून हसावं तसे. "हरकत नाही काका. सुरुवातीला अर्धीच बघवते. हळूहळू गोडी लागेल."

मग शिकवणी सुरू झाली. मी खुर्चीत, ते समोर उभे. गोलसमोर ती अर्धगोल रेघ असते ना, ती 'डी'. बाहेरून मारलेला गोल धरत नाहीत. (हे बरोबर होतं.) कार्डं तीन. लाल म्हणजे बाहेर, पिवळं म्हणजे समज, आणि हिरवं म्हणजे "काही नाही, खेळत राहा". सिग्नलसारखं. हिरवं मिळालं की हॉकीत दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "थांबा, प्रश्न शेवटी. शंका असली तर विचारा काका, लाजू नका. आम्हीसुद्धा कधीतरी नवीन होतो."

कधीतरी! तेरा महिन्यांपूर्वी!

एवढ्यात पडदा निळा झाला. लॅपटॉप आणि प्रोजेक्टरमधल्या वायरची पिन सैल होती. अंगठ्याने वर दाबून धरली तर चित्र यायचं, सोडली की जायचं. कुणीतरी पिनेखाली पेनाचं टोपण लावून बघितलं, कुणी आरतीच्या पुस्तकाची घडी लावली. जमेना. जर्सीवाल्यांनी सभागृहावरून नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली.

"काका, तुम्ही तसेही नवीन. तुम्हाला फार काही मिस होणार नाही. जरा धरता?"

मी धरली. आजवर विचार करतोय, का धरली. नाही म्हणायला काय झालं होतं? पण मॅच सुरू होत होती, आणि पडदा निळा होता, आणि मला मॅच हवी होती.

प्रोजेक्टर पडद्याच्या एका बाजूला चार खुर्च्यांच्या चळतीवर ठेवलेला. तिथून चादर इतकी तिरकी दिसायची, की दोन्ही संघांचे खेळाडू उदबत्तीच्या काड्यांसारखे उंच दिसत होते. चेंडू दिसण्याचा प्रश्न नव्हता. पहिल्याच मिनिटाला सुखजीतने गोल केला. तेव्हा मी पिनेचा कोन शोधत होतो. मागून "गोऽऽल" असा आवाज आला तेव्हा कळलं.

जर्सीवाले माझ्या बाजूलाच उभे राहून संघाला मार्गदर्शन करत होते. "श्रीजेश, लक्ष दे!" गोलमध्ये कृष्ण पाठक होता. संघातला दुसरा गोलकीपर सूरज करकेरा हा मुंबईचाच पोरगा, पण हे त्यांच्या गावीही नव्हतं. कोरियाचा एक खेळाडू आपल्या गोलजवळ एकटा सापडल्यावर ते "ऑफसाइड! ऑफसाइड!" असं चादरीला सांगू लागले. हॉकीतला ऑफसाइड गेल्या शतकातच गेला. मी म्हणालो, "ऑफसाइड नसतो हो आता." ते म्हणाले, "काका, वायर हलतेय."

दुसरा गोल दिलप्रीतचा, मध्यंतराच्या जरा आधी. हा मला दिसला असता. दिसू लागलाही होता. चेंडू डीमध्ये आला, मी टाच उचलली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने दोन्ही हात डोक्यावर गेले. पडदा निळा. मांडवातून एकच ओरडा, "ओ काका, वायर!" आणि एक बाई, ज्या ग्रहणाचे वेध दुपारपासून लागल्यामुळे बटाटेवड्यांच्या परातीवर तुळशीपत्रं मोजून ठेवत होत्या, त्या म्हणाल्या, "स्वतःला आवड नसली तरी निदान दुसऱ्यांना बघू द्या."

स्वतःला आवड नसली तरी.

मध्यंतरात कुणाला तरी आठवलं, की लालबागचा राजा सकाळपासून गिरगाव चौपाटीवर आहे, भरतीमुळे तराफ्यावर चढवता येत नाहीये. चॅनल बदलला. मॅच जगभर कुठेही होत राहो, राजा अडकलेला असताना मुंबईचा माणूस दुसरीकडे बघू शकत नाही. मीही बघितलं, हात जोडता येत नव्हते म्हणून मान लववली. परत आलो तेव्हा तीन-शून्य होतं. हा गोल कुणालाच दिसला नाही, त्यामुळे त्याचं मला वाईट वाटलं नाही.

वायर धरून उभ्या माणसाला विचार सुचतात. मला चर्चगेटचं महिंद्रा स्टेडियम आठवत होतं. वानखेडेच्या शेजारी. लहानपणी आम्ही गिरगावातून चालत जायचो, आता बोरिवलीहून फास्ट ट्रेनने जातो, बॉम्बे गोल्ड कपला. मॅचआधी टर्फवर फवारे सोडतात, ते बंद झाले की इतकी शांतता होते, की बाजूच्या रुळांवरून लोकल थांबताना ब्रेकचा आवाज येतो आणि चेंडू गोलच्या फळीवर आपटला की 'थाड'. बाकांवर किती माणसं, तर पुढच्या मॅचचे खेळाडू धरून मोजता येतील इतकी. तेव्हा या चौदा जर्सी कुठे होत्या? युवराज वाल्मीकीने 2011 मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या शूटआउटमध्ये शेवटचा गोल मारून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी आणली, तेव्हा पेपरवाल्यांना शोध लागला, की मरीन लाइन्सच्या त्याच्या घरात वीजच नाही. स्टेडियमचे दिवे तिथून हाकेच्या अंतरावर. 2017 ला हॉकी लीगमध्ये मुंबईचा संघ फायनलपर्यंत गेला, कलिंगा लान्सर्सकडून हरला, आणि मग लीगच बंद पडली. डिसेंबर 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते. त्यात मुंबई नाही. या शहराला कबड्डीचा संघ आहे, फुटबॉलचा आहे. हॉकीसाठी मी आहे, वायर धरून.

बरं, हे लोक येऊ नयेत असं तरी मला कुठे वाटतं? बाकं रिकामी म्हणून रडणारा मीच. भरली की "हे कोण आले" म्हणणाराही मीच. मला फक्त इतकंच हवं होतं, की आधीपासून बसलेल्या माणसाला कुणीतरी जागा विचारावी. सरकायला सांगू नये.

चौथा गोल रोहिदासचा, पेनल्टी कॉर्नरवर. तो मला दिसला! मान खांद्यापर्यंत कलती करून, उदबत्तीची एक काडी लवली, बाकीच्या काड्या धावत सुटल्या, आणि फळीचा आवाज. थाड. अंगठा हलवला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते अंगठ्यामुळे की कशामुळे, सांगता येणार नाही. कोरियाने लगेच एक फेडला, पण सामना संपला होता. चार-एक. पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचं तिकीटही त्यातच.

जर्सीवाल्यांनी मला कडकडून मिठी मारली. "बघितलंत काका? अशी मजा असते! आता सोडायचं नाही हं." आणि मला खरंच बरं वाटलं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

ग्रहण 9.57 ला लागणार होतं, त्यामुळे वडे घाईघाईने संपवायचे होते. तुळशीपत्र बाजूला काढून मी पहिला घास घेणार, तोच हाक आली, "काका, एक मिनिट." ग्रुप फोटो. मी उठून रांगेच्या टोकाला उभा राहायला गेलो. "नाही नाही, तुम्ही काढा ना. जर्सीवाल्यांचाच घेऊ, एकसारखं दिसेल." हातात फोन आला. चौदा निळ्या जर्सी, मागे मोर. अंगठा फोनवर टेकेना, म्हणून डाव्या हाताने काढला. जरा हलला.

रात्री त्यांनी मला ग्रुपमध्ये घेतलं. पहिला मेसेज तोच फोटो, खाली 'हार असो वा जीत, आम्ही सदैव सोबत!' पुढे: 'काका, विश्वचषकासाठी जर्सीची ऑर्डर देतोय. तुमची साइझ आणि नंबर?'

तासभर उत्तर दिलं नाही. खग्रास लागलं होतं. गच्चीत जाऊन लालसर चंद्र बघून आलो, खाली आलो, मग लिहिलं, 'एक्सएल. नंबर कुठलाही चालेल, 16 सोडून.'

लगेच उत्तर आलं. 'काका, 16 तसाही मिळाला नसता. तो माझा आहे.'