फॉरवर्ड पासचा बाप रॉकनी? छे!

फॉरवर्ड पासबद्दलचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय: नूट रॉकनी या 'महान प्रशिक्षकाने' १९१३ साली समुद्रकिनाऱ्यावर सराव करून अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पुढे फेकण्याचा शोध लावला, आर्मीला (अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाला) हरवलं आणि त्याच अस्त्रावर नोटर डेम विद्यापीठाला अजिंक्य केलं. (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, लंबगोल चेंडूचा, हाणामारीचा.) यातलं साल खरं आणि आर्मीचा पराभवही खरा.

आधी शोधाचं बघू. १९०५ च्या हंगामात मैदानावर इतकी पोरं दगावली की राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनाच लक्ष घालावं लागलं. १९०६ मध्ये नियम बदलले आणि फॉरवर्ड पासला मुभा मिळाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशात सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. तो कुणाला न लागता खाली पडला आणि तेव्हाच्या नियमानुसार चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांकडे गेला! त्याच सामन्यात पुढे जॅक श्नायडरने मात्र झेलला. प्रशिक्षक होते एडी कोकेम्स. रॉकनी तेव्हा अठरा वर्षांचा. शिकागोच्या पोस्टात नोकरी करून तो नोटर डेमला पोचला १९१० मध्ये.

समुद्रकिनारा? सराव झाला ते सीडर पॉइंट ओहायोत, ईरी सरोवराच्या काठी आहे. सराव खरोखर झाला, पण रॉकनी होता झेलणारा खेळाडू. फेकायचा गस डोरे, प्रशिक्षक जेसी हार्पर. १ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटवर, म्हणजे आर्मीच्याच मैदानावर, डोरेने १७ पैकी १४ पास जमवले आणि सामना ३५-१३ असा जिंकला. वीस यार्डांच्या पुढे पास नको, ही अट आदल्याच वर्षी उठली होती, हे पोस्टवाल्यांच्या गावीही नाही.

अजिंक्य म्हणाल, तर १९२८ मध्ये नोटर डेमने नऊपैकी चार सामने गमावले. तरी रॉकनी प्रशिक्षक असताना, १९१८ ते १९३० मध्ये, १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी. हे काय थोडं आहे? पण हे मुख्यतः चेंडू घेऊन पळण्याच्या जोरावर. खेळ सुरू करायला चेंडू मागे दिला जायच्या क्षणभर आधी मागचे चौघे एका लयीत जागा बदलत आणि बचाव करणारे सावरायच्या आत धाव सुरू. १९२४ च्या त्या प्रसिद्ध चौकडीत एकही पंच्याहत्तर किलोचा नव्हता! जागा बदलण्याची ही युक्तीही मुळात शिकागो विद्यापीठाचे प्रशिक्षक स्टॅग यांची, हार्परने आणलेली. रॉकनीने मात्र ती इतकी घोटून घेतली की जागा बदलल्यावर पूर्ण एक सेकंद थांबायचं, असा नियमच करावा लागला.