दोन केबल जोडून नेटवर्कचा वेग दुप्पट होत नाही

‘ऑफिसमधले दोन स्विच किंवा हब एकमेकांना दोन केबलनी जोडा, वेग दुप्पट होईल’ असा मेसेज फिरतो आहे. (स्विच आणि हब म्हणजे कॉम्प्युटर केबलने एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या.) तसं करू नका. साध्या स्विचमध्ये याने लूप, म्हणजे डेटा फिरत राहील असं बंद वर्तुळ, तयार होतो. इथरनेटच्या (केबलवरच्या नेटवर्कच्या) फ्रेमला, म्हणजे डेटाच्या पाकिटाला, आयुष्याची मर्यादाच नसते. सगळ्यांसाठी निघालेली ब्रॉडकास्ट फ्रेम गोल गोल फिरत राहते आणि थोड्याच वेळात अख्खं नेटवर्क ठप्प होतं. पोर्टचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात, जादा केबल काढली की निवळतात. खूण हीच.

मेसेजमागे अर्धसत्य आहे, हे मान्य. लिंक ॲग्रिगेशन नावाची, अनेक केबल एकच जोडणी म्हणून वापरण्याची सोय असते, पण ती दोन्हीकडच्या स्विचमध्ये असावी आणि सेट करावी लागते. तरीही एकच फाइल कॉपी करताना ती सहसा एकाच केबलवरून जाते. हबला तर हे जमतच नाही.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असल्यास त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.