बटण नसतं, मामा

आज सकाळी उदगीरला चहाच्या गाड्यावर उभा होतो. बिदरच्या हवाई तळाकडून हवाई दलाची दोन हॉक सराव विमानं डोक्यावरून गेली आणि शेजारचे एक मामा म्हणाले, "मजाय बाबा ह्या पायलट लोकांची. ढगात फिरायलेत. काही झालं तर बटन दाबायचं, छत्री उघडून खाली!" चार जण हसले. तेव्हापासून डोकं ठणकायलंय.

मामा, बटण नसतं. हॉकच्या सीटला दोन मांड्यांच्या मधे हँडल असतं, ते ओढायचं. त्याआधी डोकं मागं टेकलेलं, पाठ ताठ, कोपरं आत पाहिजेत, तेही विमान हेलपाटत असताना. हँडल ओढलं की वरची काच स्फोटानं फुटते, काडतुसं सीटला वर ढकलतात, मग रॉकेट पेटतं. त्या क्षणी वजनाच्या दहापटीहून जास्त भार थेट कण्यावर येतो. मान हँडल बघायला वाकलेली राहिली तर मणका चेपलाच समजा. नीट बसलेल्याचाही चेपतो. आणि विमान उलटं होऊन जमिनीकडं निघालं असेल तर भारीतली भारी सीटसुद्धा वाचवत नाही.

मजा म्हणे! 7 जीच्या, म्हणजे वजनाच्या सातपट भाराच्या, वळणात 70 किलोचा पोरगा 490 किलोचा होतो. रक्त पायाकडं उतरतं. आधी रंग विटतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग काळोख, मग शुद्ध जाते. जी-सूट, म्हणजे हवेनं फुगणारा पेहराव, पाय आणि पोट आवळतो, पण त्याची मदत एक-दीड जीचीच. बाकी सगळं अंगावर. वळण घ्यायच्या आधीच मांड्या, कुल्ले, पोट घट्ट करायचं, श्वास भरून तीन सेकंद कोंडायचा, झटक्यात बदलायचा, पुन्हा कोंडायचा. श्वास सावकाश सोडला की संपलं. आदल्या रात्री झोप कमी, पाणी कमी, थोडे जुलाब, एवढ्यानंही सहनशक्ती घटते. आणि इथला मे महिना तर आपल्याला माहीतच आहे.

पगार चांगला असतो, मान्य. चुकाही होतात त्यांच्या.

पण ती "छत्री उघडून खाली" काही डोक्यातून जाईना. 27 मे 1999, कारगिल. फ्लाइट लेफ्टनंट नचिकेतांच्या मिग-27चं इंजिन बंद पडलं, पुन्हा चालू होईना, त्यांनी हँडल ओढलं. खाली पाकिस्तानी सैनिक. नचिकेतांना शोधायला थांबलेल्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांच्या मिग-21ला क्षेपणास्त्र लागलं. त्यांनीही हँडल ओढलं, छत्रीही उघडली. ते जिवंत परत आले नाहीत.

नचिकेता 3 जूनला पाकिस्तानच्या कैदेतून सुटले. पाठीच्या दुखापतीमुळं लढाऊ विमान सुटलं ते सुटलंच. पुढं ते आयएल-76 हे मालवाहू विमान उडवू लागले. उडणं मात्र सोडलं नाही त्या माणसानं. हे लिहिताना राग उतरलाय माझा.

मामांचंही काय चुकलं? त्यांना कुणी सांगितलंच नाही. मीही सकाळी चहा टाकून तसाच निघून आलो. उद्या त्याच वेळेला गाड्यावर जाणार आहे. हॉक येतीलच.