बराझा आणि तुंबलेलं गटार

केनियातल्या मोंबासाच्या जुन्या गावात घराच्या दाराशी दगडी ओटा असतो, तो बराझा. आपला कट्टाच म्हणा. मसिकाचा, म्हणजे इथल्या मोठ्या पावसाळ्याचा, पाऊस दुपारी उघडला होता, पण गटार तुंबून पाणी पायरीला टेकलेलं. आम्ही पाय वर घेऊन बसलो होतो.

"वॉर्डाच्या बजेटच्या सभेला कोण गेलं होतं?" ताईंनी विचारलं.

नाना उसळले. "सभेला कशाला? चीफला सांगा! जुन्या नगर कौन्सिलच्या काळात एक चिठ्ठी पाठवली की काम व्हायचं."

"नाना, चीफ नैरोबीच्या केंद्र सरकारनं नेमलेला माणूस. कचरा आणि पावसाचं पाणी २०१० च्या घटनेनं काउंटीकडे, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारकडे दिलंय. मोंबासात ३० वॉर्ड आहेत, प्रत्येकाचा निवडून दिलेला एमसीए, म्हणजे काउंटी सभेचा सदस्य आहे. धरायचं तर त्याला."

"तो सापडतो कुठे?" बाळ्या म्हणाला.

"सभेत सापडला. आपल्या गल्लीतून मी एकटी. पलीकडच्या गल्लीतल्या पंधरा बायका आल्या होत्या, मोबाइलवर गटाराचे फोटो घेऊन. त्यांचं गटार यादीत गेलं. लोकांना विचारल्याशिवाय काउंटीला बजेट करता येत नाही. विचारतात तेव्हा आपण इथे बसलेले असतो."

मला खरंच लाज वाटली. दारातला ओटा, चीफची सभा आणि थेट मंत्रिमंडळ, स्वाहिलीत सगळ्यांना शब्द एकच, बराझा. आम्ही ओट्यावरून उठलोच नव्हतो.

तेवढ्यात कपांचा टणटणाट करत कॉफीवाला आला. पितळी किटली, खाली निखारे, आल्याची कडू कॉफी, सोबत आपल्या चिक्कीचा भाऊ शोभेल असा कशाटा. नानांनी दोन उचलले.

"मला शिकवू नका. २०१० च्या सार्वमताला मी उन्हात रांगेत उभा होतो."

"आणि पुढे? २०१३, २०१७, २०२२, तिन्ही वेळा मतदानाला तुम्ही नैरोबीत लेकाकडे."

"दंगल झाली असती म्हणजे?"

"दंगल आली नाही, नाना. गटार आलं."

बाळ्याला चेव चढला. "गणपतीच्या वर्गणीचंही हेच. नाना म्हणतात, हिशोबाला सभा कशाला, सगळं माझ्या डायरीत आहे!"

"तो विषय वेगळा!"

"डायरी कुठाय?"

"भिजली."

ताईंनी पुढच्या सभेची तारीख प्रत्येकाकडून मोबाइलवर टिपून घेतली. नानांचा फोन स्वतः हातात घेऊन त्यावर गजर लावला. नाना 'बघू, बघू' करत राहिले, पण गजर काही काढला नाही.

कॉफीवाला कप गोळा करत पैशांसाठी उभा राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाळ्यानं नानांसारखा हात उंचावला.

"चीफला सांगा!"

सगळ्यांत आधी नानाच हसले, इतके की हातातला कशाटा गटारात पडला.