ओळखीच्या गिऱ्हाइकाला पैसे मोजून कशाला बोलवायचं?

"फेसबुकला पैसे घालून काय उपयोग होतोय का?" हा प्रश्न कोल्हापुरात महाद्वार रोडपासून शिरोली एमआयडीसीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो आणि उत्तरं दोनच मिळतात. जाहिराती करून देणारा म्हणतो, शंभर टक्के. एकदा पाच हजार घालवून बसलेला म्हणतो, सगळं थोतांड. मला दोघांचंही पटत नाही. जाहिरातीचा पैसा वसूल होतो तो फक्त जाहिरात नसती तर आलंच नसतं अशा गिऱ्हाइकावर. जे येणारच होतं, त्याच्यापुढे जाहिरात नाचवली तर खर्च तेवढा आपला.

ईबे या अमेरिकन कंपनीनं हे मोठ्या प्रमाणावर तपासलं होतं. याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर 'ईबे' हे नाव घालून शोधणाऱ्यांना दाखवायच्या जाहिराती त्यांनी २०१२ मध्ये काही काळ बंद केल्या. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं टिकलं. आधी जे वरच्या जाहिरातीवर क्लिक करायचे, ते आता खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. २०१५ मध्ये हा अभ्यास 'इकॉनॉमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. त्यातली दुसरी गोष्ट छोट्या दुकानदाराच्या जास्त कामाची आहे: नव्या किंवा क्वचित येणाऱ्या लोकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला, नेहमीच्या लोकांवर जवळजवळ काहीच नाही.

आता आपल्याकडे बघा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास. इथं सोनं कुठल्या पेढीवर घ्यायचं, मिसळ कुठं खायची, लग्नाचा बस्ता कुठं बांधायचा हे घराघरात आधीच ठरलेलं असतं. राजारामपुरीतल्या तीस वर्षं जुन्या दुकानानं राजारामपुरीलाच जाहिरात दाखवायची म्हणजे शेजाऱ्याला पत्ता सांगायचा. तेच पैसे गडहिंग्लज, गारगोटी, निपाणीकडं वळवले तर काहीतरी हाताला लागेल. नवं दुकान, नवा माल, दुकानाची बदललेली जागा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा शेजाऱ्यालाही सांगावंच लागतं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पोस्टखालच्या 'बूस्ट' बटणावर. बटण वाईट नाही, घाईत दाबलं जातं म्हणून महाग पडतं. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिची यंत्रणा आज्ञाधारक आहे, मागाल ते आणून देते. लाईक-कमेंट मागितल्या तर लाईक-कमेंट करणारी माणसं शोधते. अशी माणसं भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी कधीच काही विकत घेत नाहीत. 'आठशे लाईक आले, गिऱ्हाईक एक नाही' ही तक्रार तिथून येते. त्यापेक्षा ॲड्स मॅनेजर (मेटाचं जाहिराती लावायचं पान) उघडून व्हॉट्सॲपवर मेसेज आणणारी जाहिरात लावा, म्हणजे निदान मेसेज करणारी माणसं शोधली जातात.

बजेटचे तुकडे करू नका. एका ॲड सेटला (एक बजेट आणि एक गिऱ्हाईकवर्ग असलेला जाहिरातींचा गट) आठवड्यात साधारण पन्नास रिझल्ट मिळाले की यंत्रणेचं 'लर्निंग', म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे शिकणं, पूर्ण होतं. समजा एक मेसेज चाळीस रुपयांना पडतोय. रोज ३०० रुपये एकाच ठिकाणी घातले तर आठवड्याचे २,१०० होतात, म्हणजे बावन्न मेसेज. जमलं. तेच ३०० रुपये बायकांसाठी एक, पुरुषांसाठी एक, इचलकरंजीसाठी एक असे शंभर-शंभर वाटले तर प्रत्येक ठिकाणी सतरा-अठरा मेसेज येतात आणि तिन्ही शिकाऊच राहतात. त्यातही दुसऱ्याच दिवशी बजेट बदल, तिसऱ्या दिवशी फोटो बदल असं केलं की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू. निदान आठवडाभर हात लावू नये. हे सांगायला सोपं आहे, पाळायला महाकठीण. कारण फोन खिशात आणि आकडे दर तासाला हलतात.

जागा निवडताना एक बारीक गोम आहे. मेटावर पूर्वी 'इथं राहणारे' आणि 'नुकतेच इथं येऊन गेलेले' अशी वेगवेगळी निवड करता यायची. २०२३ पासून ती एकत्र झाली. म्हणजे अंबाबाईच्या देवळाभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं की बाहेरगावचे भाविकही त्यात आले. चप्पल, साज, कांदा-लसूण मसाला, यात्री निवास यांना हे सोन्यासारखं. ट्यूशन क्लासेस, डबेवाले, जिम, सलून यांना मात्र ही गळती. सोलापूरहून दर्शनाला आलेला माणूस तुमच्याकडे महिन्याचा डबा कशाला लावेल? त्यांनी वर्तुळाचा मध्य कळंबा, फुलेवाडी, रुईकर कॉलनी अशा वस्तीत धरावा.

वर्तुळ केवढं, हे मालावर ठरतं. केस कापायला कुणी तीन किलोमीटरच्या पुढं जात नाही. गादी घ्यायला पंधरा-वीस जातील. लग्नाच्या दागिन्यांसाठी साठ किलोमीटरही माणसं येतात. चाळीसचं वर्तुळ काढलं तर इचलकरंजी आणि निपाणी आरामात आत येतात. निपाणीकरांची निम्मी खरेदी तशीही कोल्हापुरात, पण तिकडं कन्नड वाचणारेही आहेत हे ध्यानात ठेवा.

आता ज्यात भलेभले फसतात तो हिशोब. ऑनलाईन कोल्हापुरी चप्पल विकणारं दुकान धरा. आकडे समजून चालण्यापुरते आहेत, मालाचा जीएसटी बाजूला ठेवलाय. विक्री किंमत १,५००. कारागिराकडून पडलेली ९५०. खोका-पॅकिंग ४०. कुरिअर ९०. घरपोच रोख घेण्याचा आकार ४०. माल पोचला आणि पैसे आले तर हातात राहतात ३८०. पण कॅश ऑन डिलिव्हरीच्या दहा ऑर्डरींतल्या तीन परत आल्या असं धरू. माप बसलं नाही, फोन उचलला नाही, घरातल्यांनी दारातूनच परत पाठवलं. परत आलेल्या प्रत्येक जोडाला जायचे ९०, यायचे ९० आणि पॅकिंगचे ४०, म्हणजे २२० गेले. दहा ऑर्डरींचा हिशोब असा: सात पोचल्या, त्यांचे २,६६०. तीन परत, त्यांचे वजा ६६०. उरले २,०००. म्हणजे एका ऑर्डरमागं २००.

समजा जाहिरातीतून एक ऑर्डर २५० रुपयांना पडतेय. ॲड्स मॅनेजरमध्ये दिसणार: २५० घातले, १,५०० ची विक्री, सहापट परतावा! एजन्सीवाला त्याचा स्क्रीनशॉट पाठवणार, वर टाळ्यांचे इमोजी. आणि तुम्ही दर ऑर्डरला ५० रुपये गमावताय. मेटाला तुमची ९५० ची खरेदी माहीत नाही, परत आलेला जोडही माहीत नाही. शिवाय जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमचा जीएसटी नंबर बिलिंग सेटिंगमध्ये भरलेला असेल आणि नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक कराची सोय) असाल किंवा नोंदणीच नसेल तर २५० चे २९५ झाले.

इथं जाहिरातीच्या आधी दुरुस्त करायच्या गोष्टी तीन. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागून घ्यायची, नुसता '८ नंबर' ऐकून पाठवायचं नाही, कारण हाताने केलेल्या चपलेचं माप कंपनीच्या बुटाशी जुळेलच असं नाही. ऑर्डर आली की पाठवण्याआधी एक फोन. आणि आधी पैसे भरणाऱ्याला ५० रुपये सूट. परतीचं प्रमाण तीनवरून एकवर आलं तर त्याच दहा ऑर्डरींत ३,४२० वजा २२०, म्हणजे ३,२०० उरतात. मग २५० ची ऑर्डरही फायद्याची. जाहिरात तीच, खर्च तोच. (५० ची सूट प्रत्येकानं घेतली तरी २,७५० उरतातच.)

गुळाचा प्रश्न वेगळा, तिथं वजन मारतं. एक किलोच्या खोक्याचं कुरिअर गुळाच्या किमतीच्या तोंडाशी येतं. म्हणून एकेक किलोची जाहिरात करूच नये. पाच किलोचा गुळाचा रवा (ढेप) किंवा गूळ-काकवी-मसाला असा जोड करून विकला तरच गणित बसतं.

गुगलवर सगळं उलटं असतं. तिथं माणूस स्वतः काहीतरी शोधत आलेला असतो, म्हणून क्लिक महाग पण गिऱ्हाईक पिकलेलं. उद्यमनगरातल्या जॉबवर्कवाल्यानं इन्स्टाग्रामवर रील करत बसण्यापेक्षा, पुण्यातला परचेसवाला गुगलवर कास्टिंग किंवा मशीनिंगसाठी जे शब्द टाइप करतो त्यांवर उभं राहावं. सुरुवातीला तीन सेटिंगं तपासा. पहिलं, लोकेशन. गुगल मुळात 'त्या जागी असलेले किंवा त्या जागेत रस असलेले' असे दोन्ही धरतं, म्हणजे मुंबईत बसून कोल्हापूरची सहल आखणाऱ्यालाही तुमच्या गादीच्या दुकानाची जाहिरात दिसू शकते. तिथं फक्त 'त्या जागी असलेले' निवडा. लॉजवाल्यानं मात्र दोन्ही ठेवावेत, सहल आखणारा हेच त्याचं गिऱ्हाईक. दुसरं, सर्चच्या मोहिमेत डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइट-ॲपवर जाहिरात दाखवण्याची) खूण आधीच मारलेली असते, ती काढा. तिसरं, नको असलेले शब्द. कांदा-लसूण मसाला विकणाऱ्यानं 'रेसिपी', 'कसा करायचा', 'नोकरी' हे शब्द वगळले नाहीत तर मसाला घरीच कुटणाऱ्या बायकांच्या क्लिकचे पैसे तो भरत बसणार. दर आठवड्याला सर्च टर्म्सचा रिपोर्ट (लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं त्याची यादी) उघडून असे शब्द काढायचे, दहा मिनिटांचं काम आहे. आणि रोजचं बजेट ५०० लावलं तर एखाद्या दिवशी १,००० खर्च झालेले दिसतील, घाबरू नका. गुगल एका दिवशी दुपटीपर्यंत जातं, महिन्याचा आकडा मात्र रोजच्या ३०.४ पटीच्या आत ठेवतं.

याच्याही आधी, गुगल मॅपवरचं दुकानाचं फुकटचं प्रोफाईल नीट करा. वेळा, सोमवार बंद की चालू, शटरचा आजचा फोटो, चालू फोन नंबर. मॅपवर चुकीची गल्ली दाखवणारी दुकानं जाहिरातीवर पैसे घालताना बघितली की कपाळावर हात मारावासा वाटतो.

फॉर्म भरून घेणाऱ्या जाहिरातीत नाव-नंबर आपोआप भरलेले येतात, त्यामुळे बऱ्याच जणांना फॉर्म भरल्याचं आठवतही नाही. 'हायर इंटेंट' हा प्रकार निवडला तर पाठवण्याआधी एकदा तपासायला लावतो. चौकशा कमी येतात, पण फोन उचलणाऱ्या येतात. आणि चौकशीला उत्तर द्यायला माणूस हवा. रात्री साडेअकराला आलेल्या 'प्राईस?' ला दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर उत्तर दिलं तर ती बाई तोवर दुसरीकडून घेऊन मोकळी झालेली असते. व्हॉट्सॲप बिझनेसवर पाच-सहा तयार उत्तरं करून ठेवा आणि किंमत लपवू नका. 'डीएम करा' लिहून भाव लपवणाऱ्यांना काय मिळतं हे मला आजवर कळलेलं नाही.

पेपरातलं पत्रक अजून चालतं, पण लाईन निवडून. कोणत्या पेपरवाल्याच्या कोणत्या भागात टाकायचं ते पहाटे डेपोवर ठरवून, रविवारी. सगळ्या शहरात पंचवीस हजार टाकण्यापेक्षा दोन भागांत तीन-तीन हजार. फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते आणि चौकातल्या वाढदिवसांच्या गर्दीत तुमचा फ्लेक्स दिसणं अवघड, एवढंच बोलतो.

परिणाम मोजायचा कसा? मेटाच्या आकड्यांवर विसंबू नका. जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत, किंवा नुसती बघून एका दिवसात ज्यानं खरेदी केली, तो त्यांच्या हिशोबात जाहिरातीचाच. त्यात येणारच होते तेही धरलेले. साधी पद्धत अशी: सारख्या विक्रीची दोन गावं घ्या, समजा कागल आणि हातकणंगले. तीन आठवडे एकीकडं चालू, दुसरीकडं बंद, पुढचे तीन आठवडे उलट. बिलावर गावाचं नाव लिहायची सवय लावा आणि विक्रीतला फरक बघा. मधे सण, यात्रा, पगाराचा आठवडा येतोय का ते आधी तपासा. काउंटरवरच्या वहीत 'कुठून कळलं?' लिहा, पण लोक आठवेल ते सांगतात. खुणेचा शब्द जास्त पक्का: जाहिरातीत लिहा, 'काउंटरवर "पायताण" म्हणा, पॉलिश फुकट'. दोन दिवसांनी तोच शब्द फॅमिली ग्रुपवर फिरणार हेही धरून चाला.

एजन्सीकडं काम देताना जाहिरातीचं खातं, पेज आणि पिक्सेल (वेबसाइटवर कोण काय करतं ते टिपणारा कोड) तुमच्याच बिझनेस पोर्टफोलिओत (मेटावरचं धंद्याचं मुख्य खातं) ठेवा, एजन्सीला फक्त पार्टनर म्हणून प्रवेश द्या. खातं त्यांच्या नावावर असेल तर सोडताना इतिहास आणि शिकलेलं सगळं तिथंच राहतं. रिपोर्टमध्ये 'रीच'च्या (जाहिरात किती जणांना दिसली) आधी एकच आकडा मागा: एका पोचलेल्या ऑर्डरमागं किती खर्च आला.

राहता राहिला मुहूर्त. मेटाची जाहिरात म्हणजे मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यासारखा लिलाव, फक्त इथं चढी बोली एवढ्यावर भागत नाही. तुमच्या जाहिरातीवर लोक काही करतील का, हेही मोजलं जातं. दिवाळीत मोठे ब्रँड बोलीला उतरतात आणि भाव चढतो. आपल्याकडं बरेचजण पितृपक्षात जाहिरात बंद ठेवतात आणि घटस्थापनेला एकदम सुरू करतात, म्हणजे ऐन महागाईत शिकायला बसतात. पितृपक्षात खरेदी थंड असते हे खरं. पण कुठल्या फोटोला मेसेज येतात, कुठलं गाव उत्तर देतं, हे बघायला तो पंधरवडा बरा, रोज दीडशे-दोनशेत भागतं.