सातबाऱ्यावर चढलेलं नाव

आबा मागे येऊन उभे राहिले तेव्हा मी ओळीच्या शेवटची मोकळी जागा खोडत होतो. म्हणजे जिथे काहीच दिसत नव्हतं तिथून न दिसणारं काहीतरी काढत होतो, आणि काढल्यावर सगळं पहिल्यासारखंच दिसत होतं. आबांनी पाचेक मिनिटं हा प्रकार पाहिला.

"काय करून राह्यला रे तू?"

"निंदणी," मी म्हणालो.

यावल तालुक्यात केळीच्या बागेत जन्म काढलेल्या माणसाला याहून सोपं करून सांगता येत नाही. एक छोटी प्रोग्रामिंग भाषा आहे, ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून ती घडवतात. तिच्यात कुठला नियम का ठेवला, कुठला का टाकला, याचे लांबलचक कागद आहेत. डिझाइन डॉक्युमेंट म्हणतात त्यांना. चार वर्षांत ज्यानं त्यानं आपापल्या मनानं लिहिलेले. कुणी टॅब मारतो, कुणी चार स्पेस, कुणी वर्डमध्ये लिहून आणून चिकटवतो. एका बैठकीत मी सहज म्हणालो, "जरा फॉरमॅटिंग नीट करायला हवं." बैठक तिथेच संपली आणि काम माझ्याकडे आलं.

"रोज किती देतात?"

"काही नाही. आवड म्हणून."

आबा काही बोलले नाहीत. माझ्यासाठी आणलेला चहा मात्र उभ्या उभ्या स्वतःच पिऊन गेले.

मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम. बाहेर पारा ४५च्या पुढे, माय पहाटेच गच्चीवर बिबड्या टाकून मोकळी झालेली, आणि मी कुलरच्या तोंडाशी बसून ओळी मोजतोय. ८० अक्षरांपुढे ओळ जाता कामा नये, असा जुन्या मंडळींचा हट्ट. ८०च का? तर १९२८ साली आयबीएमनं काढलेल्या पंच कार्डाला ८० रकाने होते. ते कार्ड हट्ट धरणाऱ्यानंही कधी हाताळलेलं नाही. पण बैल विकून ट्रॅक्टर आणला तरी गोठ्याचं दार बैलाच्याच मापाचं राहतं, त्यातली गत.

कागद सगळे मार्कडाउनमध्ये. जॉन ग्रूबरनं २००४ साली ही पद्धत काढली, साधा मजकूर साध्या डोळ्यांनी वाचता यावा म्हणून. हेतूबद्दल तक्रार नाही. पण तिच्यात ओळीच्या शेवटी दोन स्पेस असल्या की पुढचा मजकूर खालच्या ओळीत जातो. म्हणजे तण समजून मी जे उपटत होतो त्यात थोडं पीकही होतं. एका फायलीत अकरा जणांची नावं पंगतीसारखी एकाखाली एक बसली होती. माझा हात फिरला आणि ती सगळी सुट्टीच्या दिवसातल्या एसटीसारखी एकाच ओळीत कोंबली गेली.

खरा कहर जेनेरिक्सच्या प्रकरणात होता. तिथे 'लिस्ट', आणि लगेच कोनी कंसात 'टी', असं लिहायचं असतं. अर्थ, टी प्रकारच्या वस्तूंची यादी. लिहिणाऱ्यानं भोवती बॅकटिक, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली ती उलटी टिकली, लावलीच नव्हती. कोनी कंस दिसल्यावर ब्राउझरला वाटलं हा एचटीएमएलचा टॅग, म्हणजे वेबपानाच्या भाषेतली न दाखवायची खूण, आणि त्यानं तो गिळला. सगळ्या प्रकरणातले टी गेले, यू गेले. मागे उरलं ते असं: "लिस्ट आणि लिस्ट यांत मूलभूत फरक आहे. म्हणून लिस्टच्या जागी लिस्ट कदापि चालणार नाही." दोन वर्षं हे वाक्य तिथे होतं. शेजारी तिघांच्या सहमतीच्या खुणा होत्या. एकानं वर लिहिलं होतं, "फार स्पष्ट मांडणी."

त्याच्याखाली ऑपरेटरांच्या अग्रक्रमाचा, म्हणजे कुठली क्रिया आधी करायची त्याचा, तक्ता. तक्त्यात रकान्यांच्या भिंती उभ्या दांड्यांनी घालतात. आणि 'किंवा' या ऑपरेटरचं चिन्ह काय? आरतीच्या कडव्याशेवटी असतात तसे दोन उभे दांडे! बॅकटिकमध्ये गुंडाळले तरी तक्त्याला त्या भिंतीच वाटतात. 'किंवा'च्या ओळीत दोन भिंती जास्तीच्या उभ्या राहिल्या, आतला मजकूर दोन-दोन खोल्या सरकला आणि शेवटचा घराबाहेर पडला. बाहेर पडला तोच नेमका अग्रक्रमाचा आकडा, ज्याच्यासाठी तक्ता मांडला होता. प्रत्येक दांड्याआधी बॅकस्लॅश घालून त्या भिंती पाडल्या. गुणाकाराच्या फुल्यांमुळे तिरकी पडलेली सूत्रं आणि वर्डमधून आलेली नखरेल अवतरणचिन्हं यांबद्दल मी बोलत नाही. डॉक्टरांनी नको म्हटलंय.

नवव्या दिवशी सगळं एकदम चढवलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

मग एका रात्री अकराला ब्राझीलमधल्या एका मुलाचा प्रश्न आला: भागाकारात ऋण संख्या शून्याकडे का वळवलीत? मी? मी तर त्या ओळीतली स्पेस काढली होती. तासाभरात दुसरा: मॅक्रो का नाकारलेत, जरा खुलासा करा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद आम्ही गिट नावाच्या प्रणालीत ठेवतो. तिच्यात 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. नावातच सगळं आलं. कुठल्या ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला, ते ती सांगते. आणि शेवटचा हात, जवळजवळ सगळीकडे, माझा.

आबांना हे मात्र चटकन उमगलं.

"म्हंजे सातबाऱ्यावर तुझं नाव चढलं."

"हो."

"आन् जमीन?"

"जमीन नाही. नुसतं नाव. आणि वाद."

"मंग तलाठ्याले गाठ."

आमचा तलाठी, म्हणजे प्रकल्पाचा मुख्य माणूस, परदेशात असतो. त्यानं शांतपणे सांगितलं की २०१९ सालच्या गिट २.२३ पासून यावर सोय आहे. ब्लेमनं कुठल्या बदलांकडे काणाडोळा करायचा, त्यांच्या क्रमांकांची एक फाइल ठेवायची. त्यानं ती केली, माझ्या बदलाचा ४० अक्षरी क्रमांक तिच्यात टाकला. प्रश्न थांबले, ओळी जुन्या मालकांच्या नावावर परत गेल्या.

"निघालं नाव?" आबांनी विचारलं.

"निघालं."

"बरं झालं," म्हणाले, आणि या खेपेस चहा माझ्यासमोर ठेवला.

आता नऊ दिवसांच्या त्या कामाची एवढीच सरकारी नोंद आहे: दुर्लक्ष करायच्या फायलीत पहिला क्रमांक. त्याच्या डोक्यावर तलाठ्यानं कौतुकानं एक ओळ लिहिलीय, 'फॉरमॅटिंगची साफसफाई'. ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या स्पेस सोडल्यात. मला इथून दिसतायत.