पायचा फॉरवर्ड: चोरी झालीच नाही, आणि जे खरं आपलं ते त्यात नाहीच

१४ मार्च (३/१४, म्हणून 'पाय दिवस') जवळ आला की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो, फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, कुठलाच सुटत नाही. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाय (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास ही संख्या) ग्रीकांचा म्हणून शिकवतात पण मूळ शोध आर्यभटाचा, ग्रीकांनी तो इथून उचलला आणि स्वतःचं अक्षर चिकटवलं. ते अक्षरसुद्धा खरं तर आपल्या 'परिधी'तला प. पायची अचूक किंमत २२/७, तीही आपलीच. आणि कळस म्हणजे वेदांतल्या एका श्लोकात पायचे ३२ अंक लपवून ठेवलेत. शेवटी अर्थातच 'गर्व असेल तर पुढे पाठवा'.

गर्व मलाही आहे, म्हणून तर लिहायला बसलोय, कारण ज्याचा खरंच गर्व वाटावा असा माणूस या अख्ख्या मेसेजमध्ये कुठेच नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी चोरी. ग्रीक गणिती आर्किमिडीज सिसिलीतल्या सिराक्यूजचा, इसवी सनापूर्वी २१२ च्या सुमाराला रोमन सैन्यानं शहर घेतलं तेव्हा मारला गेला. आर्यभटाचा जन्म इसवी सन ४७६ चा आणि आर्यभटीय ४९९ चं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. मधे सातशे वर्षं. चोर आधी आणि माल नंतर हे कसं जमलं ते पाठवणाऱ्यांनीच सांगावं. बरं, मग आर्यभटानं ग्रीकांचं ढापलं असं उलटं टोकही लगेच गाठू नका. आर्किमिडीजनं ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती वर्तुळाच्या आत-बाहेर धरून दाखवलं की ही किंमत २२३/७१ पेक्षा मोठी आणि २२/७ पेक्षा लहान आहे. आर्यभट म्हणतो १०४ ला ८ ने गुणा, त्यात ६२००० मिळवा, हा २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ. म्हणजे ६२८३२ भागिले २००००, म्हणजे ३.१४१६. आकडा वेगळा, सांगायची पद्धत वेगळी. आणि परीघ-व्यासाचं गुणोत्तर कुणा एकानं शोधलं ही कल्पनाच चुकीची आहे, त्या दोघांच्याही कितीतरी आधी इजिप्त आणि बॅबिलोनमध्ये लोक ३.१६, ३.१२५ असे आकडे धरून कामं उरकतच होते.

आता अक्षर. इथे फॉरवर्डवाले आणि त्यांना हसणारे दोघंही एकच गोष्ट धरून चालतात, की आर्किमिडीजनं हे चिन्ह वापरलं. नाही वापरलं! त्याच्या काळात गुणोत्तराला चिन्ह द्यायची पद्धतच नव्हती, ते लोक वाक्यात लिहायचे. ग्रीकांसाठी पाय हे १६वं अक्षर, त्यांचा साधा प, उच्चारही 'पी' असाच. ते त्यांनी फिनिशियन लिपीतल्या 'पे' वरून घेतलं आणि पुढे त्यातूनच रोमन लिपीचा पी आणि रशियनचा प आला. (रशियन मोठा प बघा, हुबेहूब दोन खांब आणि वर तुळई.) आकडे लिहायलाही ग्रीक अक्षरंच वापरायचे, त्यात पाय म्हणजे ८०. एखाद्या जुन्या ग्रीकाला आपलं 'पाय आर वर्ग' दाखवलं असतं तर त्यानं बिचाऱ्यानं ८० ने गुणलं असतं.

वर्तुळाच्या या संख्येसाठी ते अक्षर पहिल्यांदा छापलं १७०६ मध्ये, विल्यम जोन्स नावाच्या वेल्समधल्या गणित शिक्षकानं. त्याआधी १६४७ मध्ये विल्यम ऑट्रेड हे पाय आणि खाली डेल्टा असं लिहायचा, पण त्यात पाय म्हणजे नुसता परीघ आणि डेल्टा म्हणजे व्यास. जोन्सनं ते एकटं अक्षर गुणोत्तरालाच देऊन टाकलं. तरी लगेच कुणी उचललं नाही, १७३६ मध्ये स्विस गणिती ऑयलरनं घेतलं, १७४८ च्या त्याच्या गाजलेल्या ग्रंथातून ते युरोपभर गेलं आणि मग रुळलं. म्हणजे जिला आपण 'ग्रीकांची खूण' म्हणतो ती गणितात जेमतेम तीनशे वर्षांची आहे, आणि ती आणण्यात ग्रीक माणूस एकही नाही.

आणि ते अक्षर फक्त वर्तुळाच्या मालकीचंही नाही. अमुक संख्येपर्यंत मूळ संख्या किती हे सांगायला तेच वापरतात (१०० पर्यंत २५), रसायनशास्त्रात पाय बंध, भौतिकीत पाय मेसॉन, अर्थशास्त्रात नफा.

'परिधीतला प' हा मुद्दा मात्र मला आवडतो, चुकीचा असूनही. जोन्सच्या डोक्यात बहुधा परिघाचा ग्रीक शब्द होता, ज्याची सुरुवात 'पेरी'नं होते. संस्कृत 'परि' आणि ग्रीक 'पेरी' हे एकाच जुन्या मुळाचे, म्हणजे चुलतभाऊ, कुणी कुणाचं घेतलेलं नाही. आता गंमत बघा, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात हे १७८६ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे ज्यानं मांडलं, शाकुंतल इंग्रजीत नेलं, तो सर विल्यम जोन्स या पायवाल्या जोन्सचाच मुलगा. बाप वारला तेव्हा पोरगं तीन वर्षांचं होतं. एवढी भारी खरी गोष्ट हाताशी असताना खोटी कशाला रचायची कळत नाही.

२२/७ चं लवकर आटपतो. आपल्याला शाळेत 'पाय = २२/७ घ्या' सांगितलं, त्यातला 'घ्या' आपण विसरलो. २२/७ म्हणजे ३.१४२८५७..., पाय म्हणजे ३.१४१५९२..., तिसऱ्याच घराला फाटे फुटले. पाय कुठल्याही पूर्णांकांच्या अपूर्णांकात बसत नाही हे लाम्बर्ट या गणितीनं १७६१ च्या सुमाराला सिद्ध केलं. पण आपल्या भास्कराचार्यांनाही २२/७ अचूक वाटत नव्हतं. लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमाराला, ते दोन किंमती देतात, ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही स्थूल, व्यवहाराला चालेल अशी. ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवानं मठ काढला आणि तसा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, त्यांचं तरी ऐका.

आता तो श्लोक, कारण हा मुद्दा भल्याभल्यांना पटतो. 'गोपीभाग्यमधुव्रात शृङ्गिशोदधिसन्धिग । खलजीवितखाताव गलहालारसंधर ॥' यात कटपयादी पद्धत आहे, क पासून पुढे १ ते ९, ट पासून १ ते ९, प पासून १ ते ५, य पासून १ ते ८, असे व्यंजनांना आकडे दिलेले असतात, जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. गो ३, पी १, भा ४, ग्य १, म ५, धु ९. खरंच पायचे अंक येतात! पहिल्यांदा बघितलं की अंगावर काटा येतो, त्यात खोटं काही नाही. कुणीतरी झकास कोडं रचलंय. प्रश्न एवढाच की कधी.

शेवटपर्यंत जा. श्लोकात ३२ अक्षरं, शेवटचं 'र' म्हणजे २. पायचा ३२वा अंक आहे ५. म्हणजे ३१ बरोबर आणि शेवटचा चुकलेला, हे कुणीच मोजत नाही. आणि श्लोक छापून येतो तो १९६५ च्या 'वैदिक मॅथेमॅटिक्स' या पुस्तकात, लेखक पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ, पुस्तक त्यांच्या निधनानंतर निघालं. त्यातली १६ सूत्रं अथर्ववेदाच्या परिशिष्टातली असं म्हटलं जातं, पण माहीत असलेल्या परिशिष्टांत ती सापडत नाहीत हे त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत संपादक वासुदेवशरण अग्रवालांनी लिहून ठेवलंय. कटपयादीचा ठळक जुना वापर दिसतो तो सातव्या शतकात, केरळकडच्या हरिदत्ताच्या ग्रंथात, वेदांनंतर कितीतरी शतकांनी.

आणि हे सगळं बाजूला ठेवा, साधा प्रश्न विचारा. वेदांत ३१ अंक ठाऊक होते तर यज्ञाच्या वेदी आखणाऱ्या शुल्बसूत्रांतल्या नियमातून ३.०८८ च्या आसपासची किंमत का निघते? आर्यभट ३.१४१६ वर थांबून वर 'ही जवळपासची किंमत' असं स्वतःच का सांगतो? ब्रह्मगुप्त १० चं वर्गमूळ, म्हणजे ३.१६, का घेतो? हे सगळे वेद पाठ असलेल्या परंपरेतले लोक. श्लोक खरा मानायचा तर या सगळ्यांना अडाणी ठरवावं लागतं, आणि ते मला तरी जमणार नाही.

आता तो राहिलेला माणूस. संगमग्रामचा माधव, केरळ, चौदाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि पंधराव्याची सुरुवात. त्याच परंपरेतल्या नंतरच्या नीलकंठानं माधवाच्या नावावर दिलेला एक श्लोक आहे, 'विबुधनेत्रगजाहिहुताशन...' असा सुरू होणारा. त्यात देव ३३, डोळे २, हत्ती ८ अशा शब्दांतून (उजवीकडून डावीकडे) आकडे येतात, ९ वर ११ शून्यं एवढ्या व्यासाला परीघ २८२७४३३३८८२३३. भागाकार केला की ३.१४१५९२६५३५९, शेवटचा अंक राउंड करून दशांशाच्या अकरा घरांपर्यंत बरोबर, आणि हा श्लोक जुन्या ग्रंथात आहे, तारीख-वार लावता येतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती किंमत कितीही पुढे नेता येईल अशी मालिका त्याच्याकडे होती. १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७ असं न संपणारं चालू ठेवायचं आणि चौपट करायचं. युरोपात लायब्निट्झला ही सापडली १६७० च्या दशकात. माधवाच्याच परंपरेतल्या ज्येष्ठदेवानं 'युक्तिभाषा' या मल्याळम ग्रंथात, १५३० च्या सुमाराला, ती सिद्धतेसकट लिहून ठेवलीय. १८३४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी चार्ल्स व्हिश याचा यावर इंग्रजीत लेख छापून आला आणि नंतर कितीतरी वर्षं त्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

मालिका सुंदर पण भयंकर मंद, दहा पदं घेतली तरी ३.०४ वरच अडकते. माधवाच्या परंपरेत यावर दुरुस्तीची पदं दिलेली आहेत. त्यातली एक एक्सेलमध्ये करून बघा: दहा पदांची बेरीज चौपट करा, मग १० भागिले ४०१ (४ गुणिले १० चा वर्ग अधिक १) तेही चौपट करून त्यात मिळवा. ३.०४ चं थेट ३.१४१५९ होतं.